‘परी’ हा शब्द नको: आयरिश लोककथांचे मराठी अनुवादक आणि बालसाहित्याचे संपादक यांस खुले पत्र

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतील लोककथा आणि लोकसमजुती मराठीत येतात त्या बहुधा इंग्रजीतून, आणि बहुधा मुलांसाठी. आपण हे काम करता याचे मला मोल वाटते, कारण मीही तेच काम करतो. तरीही एका शब्दाबद्दल आपल्याशी जाहीरपणे बोलावे असे बरेच दिवस मनात आहे. तो शब्द आहे ‘परी’. माझ्या पहिल्याच अनुवादात मी तो बिनदिक्कत वापरला. चित्रकाराने साहजिकच पारदर्शक पंख, चांदण्यांची काठी आणि झुळझुळीत झगा काढला. संपादकांना ते आवडले आणि पुस्तक छापून झाले. मूळ कथा होती एका सुईणीची. मध्यरात्री एक अनोळखी घोडेस्वार तिला बाळंतपणाला घेऊन जातो आणि पुढे तिच्या एका डोळ्याची दृष्टी कायमची हिरावून घेतो. ज्या वाचकाने ते चित्र पाहून ती कथा वाचली, त्याला कथेतली भीती कळली असेल असे मला वाटत नाही. ती चूक माझी होती आणि तिच्यामुळेच हे पत्र लिहितो आहे.

मराठीत परी म्हटले की काय उभे राहते ते आपण सारे जाणतो. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि येताना सौंदर्य घेऊन आला. ‘परीसारखी मुलगी’ म्हणजे देखणी मुलगी. परी आभाळातून उतरते, वर देते आणि निघून जाते. आयरिश खेड्यातल्या ज्या लोकांना इंग्रजीत ‘फेअरी’ म्हटले गेले, त्यांना पंख नाहीत. ते आकाशात राहत नाहीत, जमिनीखाली, टेकाडांत राहतात. माणसांसारखीच त्यांची गुरे आहेत, बाजार आहेत, लग्ने आहेत, आपसांतली भांडणे आहेत. ते हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळतात, आणि सांगणारे सांगतात की दोन्ही बाजू त्यांच्याच असल्या तरी सामना खऱ्या अर्थाने रंगायला जिवंत माणसाचा एक गडी लागतो, म्हणून रात्री रस्त्याने जाणाऱ्या तरुणाला ते उचलून नेतात. त्यांच्या बायकांना बाळंतपणासाठी माणसांतली सुईण लागते, मुलांना पाजायला माणसांतली ओली बाळंतीण लागते. सुईणीच्या त्या कथेत नवजात बाळाच्या डोळ्यांना लावायचे मलम चुकून तिच्या एका डोळ्याला लागते आणि त्या डोळ्याला ही माणसे दिसू लागतात. पुढे एका जत्रेत ती त्या घोडेस्वाराला ओळखून हाक मारते, तेव्हा तो एवढेच विचारतो की मी तुला कोणत्या डोळ्याने दिसतो. या माणसांना आपल्यावाचून चालत नाही, आणि म्हणूनच त्यांचे भय आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात आणून द्यायची आहे. आपण ज्या इंग्रजी शब्दावरून ‘परी’ लिहितो, तो इंग्रजी शब्दसुद्धा अनुवादच आहे. मूळ आयरिश भाषेतला शब्द ज्या टेकाडांत हे लोक राहतात त्या टेकाडांवरून आला. त्याचा उच्चार ‘शी’ असा आहे आणि मराठीत तो तसाच लिहिला तर काय होते हे सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी अनेकांनी तो टाळला असेल तो याच अडचणीने. पण बोलताना खेडुतांनीही तो टाळलाच. ते ‘चांगली माणसे’ म्हणत, ‘थोर मंडळी’ म्हणत, किंवा नुसतेच ‘ते’ म्हणत. नाव घेतले तर त्यांना ऐकू जाईल आणि राग येईल, ही त्यामागची समजूत. आपल्याकडे रात्री सापाचे नाव न घेता ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणणारी पिढी अजून आहे. माणसे मारणाऱ्या रोगाला आपण ‘देवी’ म्हटले आणि ‘देवी आल्या’ असे आदरार्थी क्रियापद लावले. भयापोटी दिलेला आदर मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा ‘टेकाडातली माणसे’ किंवा सरळ ‘चांगली माणसे’ असे लिहिले, आणि पात्रांच्या तोंडी ‘ती मंडळी’ असे शब्द घातले, तर मूळ कथेतला आवाज खाली घेऊन बोलण्याचा सूर मराठीत आपोआप येतो. ‘परी’ने तो कधीच येत नाही.

ही टेकाडे म्हणजे काय, हेही अनुवादात स्पष्ट झाले पाहिजे. आयरिश शेतांतून जागोजाग मातीचा गोल बांध आणि त्याभोवती चर अशी रचना आढळते. तिला आयरिशमध्ये ‘लिस’ किंवा ‘राथ’ म्हणतात, इंग्रजीत ‘फेअरी फोर्ट’. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही साधारण इसवी सन ५०० ते १००० या काळातील शेतकऱ्यांची तटबंद घरे होत आणि त्यांची संख्या सुमारे ४५ हजार सांगितली जाते. इतकी प्राचीन बांधकामे सुपीक शेतजमिनीच्या मधोमध हजार-दीड हजार वर्षे टिकली, याला कायद्यापेक्षा समजूत कारणीभूत आहे. लिसातले झाड तोडले की घरातले माणूस जाते, बांध नांगरला की गुरे मरतात, अशी धास्ती पिढ्यान्‌पिढ्या होती, म्हणून नांगर बांधाला वळसा घालून गेला. याचे मराठीत ‘परीचा किल्ला’ झाले की मुलांच्या डोळ्यांपुढे बुरूज आणि झेंडे उभे राहतात. तेथे बुरूज नाही, दगडी भिंतही बहुधा नाही. गवताने झाकलेला वाटोळा बांध आहे, काटेरी झुडपे आहेत, आणि आत कोणी जात नाही. कोकणातल्या माणसाला देवराईची आठवण सांगितली तर त्याला हे लगेच कळेल. मात्र देवराईत देव असतो आणि लिसात देव नसतो, हा फरक पुसू नये.

शेतात एकटे उभे असलेले हॉथॉर्नचे काटेरी झाडही असेच. त्याला ‘बाभूळ’ करू नका. मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी भरते, आणि ती फुले घरात आणायची नाहीत असा दंडक आहे. १९९९ साली क्लेअर काउंटीत लाटून येथे नव्या महामार्गाच्या आखणीत असे एक झाड येत होते. कथा सांगणारे आणि गोळा करणारे एडी लेनिहन यांनी वृत्तपत्रातून जाहीर पत्र लिहिले, की मन्स्टर प्रांताची ‘ती मंडळी’ कॉनॉट प्रांताच्या मंडळींशी लढायला जाताना याच झाडापाशी जमतात, ते तोडले तर रस्त्यावर माणसे मरतील. बातमी जगभर गेली आणि झाड राखून रस्ता बांधला गेला. पुढे २००२ साली कोणीतरी रात्री करवतीने त्याच्या फांद्या छाटल्या. तरीही ते पुन्हा फुटले. या घटनेवर मराठीत लिहिताना ‘परीच्या झाडासाठी रस्ता वळवला’ असे लिहिले की ती केवळ मौजेची बातमी होते. लेनिहन यांचा इशारा मात्र मौजेचा नव्हता. त्या झाडापाशी जमणाऱ्यांकडे शस्त्रे होती.

आता ज्या उदाहरणामुळे मी हा शब्द कायमचा सोडला ते सांगतो. टिपरारी काउंटीतील बॅलीवॅडली या खेड्यात ब्रिजेट क्लिअरी ही २६ वर्षांची विवाहिता राहत होती. ती शिवणकाम करी, कोंबड्या पाळून अंडी विकी, स्वतःचे पैसे मिळवी. मार्च १८९५ मध्ये ती आजारी पडली. तिचा नवरा मायकेल लाकडी पिंपे बांधणारा कारागीर होता. ही आपली बायको नव्हे, तिला काइलनाग्रॅनाच्या लिसातल्या लोकांनी नेले आणि तिच्या रूपाचे कोणीतरी तिच्या जागी ठेवले, असे त्याने धरले. वैदूकडून आणलेल्या वनस्पती नव्या दुधात उकळून तिला जबरदस्तीने पाजल्या. नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या देखत तिला चुलीच्या विस्तवावर धरले आणि तू मायकेल क्लिअरीची बायको आहेस का, देवाच्या नावाने उत्तर दे, असे पुन्हा पुन्हा विचारले. दुसऱ्या रात्री, १५ मार्चला, नवऱ्याने तिला दिव्याचे तेल ओतून जाळले. नंतर तो काळ्या मुठीची सुरी घेऊन रात्री लिसापाशी थांबला, की खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल, तिचे बंध कापून आपण तिला घरी आणू. आठवड्याने पोलिसांना तिचे प्रेत उथळ खड्ड्यात सापडले. मायकेलला सदोष मनुष्यवधासाठी २० वर्षांची शिक्षा झाली आणि १९१० साली तो सुटला. आयर्लंडला स्वराज्य मिळू नये असे म्हणणाऱ्यांनी त्या काळी हे प्रकरण पुरेपूर वापरले, की बघा, हे लोक राज्य चालवणार. आणि मुले खेळताना एक गाणे म्हणू लागली, ज्यात त्या बाईला विचारले आहे की तू चेटकीण, की त्यांच्यातली, की मायकेल क्लिअरीची बायको.

याचे ‘नवऱ्याला वाटले की आपली बायको परी आहे’ असे मराठी भाषांतर एका लेखात छापलेले मी वाचले आहे. लेखकाचे नाव घेण्याचे कारण नाही; माझ्याही हातून तेच झाले असते. पण ते वाक्य पुन्हा एकदा मराठी कानाने ऐकून पाहा. मराठीत तो बायकोचा गौरव होतो.

लिसांशी निगडित आणखी एक गोष्ट बालसाहित्यात येत नाही आणि येऊ नये हे मला समजते, पण अनुवादकाला ती ठाऊक असली पाहिजे. बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या अर्भकांना कॅथलिक चर्चच्या पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा मिळत नसे. अशा अर्भकांसाठी गावोगाव वेगळ्या जागा असत आणि त्यांपैकी अनेक जागा जुन्या लिसांत होत्या. बाप, किंवा घरातला दुसरा पुरुष, सूर्य मावळल्यावर आणि उगवण्यापूर्वी ते लहानसे गाठोडे तेथे घेऊन जाई, आणि खूण म्हणून एखादा न घडवलेला दगड ठेवी. ही प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. त्या आयांना थडग्यापाशी उघडपणे रडण्याचीही सोय नव्हती. ज्या गावात असा लिस आहे, तेथे ‘आत जाऊ नये, ते आहेत तेथे’ असे कोणी म्हणते तेव्हा ‘ते’ या सर्वनामात कोण कोण आहे, हे आपण ठरवू शकत नाही. ‘परी’ हा शब्द ते ठरवून टाकतो.

सगळीकडे मूळ शब्दच ठेवा असा माझा हट्ट नाही. उलट मराठीकडे काही शब्द इतके नेमके आहेत की ते न वापरणे हे आळसाचे लक्षण ठरेल. आयरिश खेडूत सांगतात की ओळखीच्याच शेतात विशिष्ट ढेकळावर पाय पडला की वाट हरवते, फाटक सापडत नाही, रात्रभर माणूस त्याच बांधाला फिरत राहतो; सुटका हवी तर अंगातला कोट काढून उलटा घालायचा. याला इंग्रजी पुस्तके ‘स्ट्रे सॉड’ म्हणतात आणि आपले अनुवाद ‘भटके ढेकूळ’. आपल्याकडे याला चकवा म्हणतात. चकवा लागला, एवढे दोन शब्द पुरतात. ज्याला लहानपणी आजोबांनी चकवा लागला तर उजाडेपर्यंत एका जागी बसून राहा असे सांगितले आहे, त्याला तळटीप लागत नाही. कोट उलटा घालण्याचा तपशील तेवढा जपावा, तो त्यांचा आहे.

‘पिशोग’ या आयरिश शब्दाचेही तसेच. या शब्दाचा एक अर्थ नुसती समजूत असा आहे, पण गावात तो दबक्या आवाजात उच्चारला जातो तेव्हा अर्थ असतो मुद्दाम केलेले काहीतरी: शेजाऱ्याच्या गवताच्या गंजीत पुरून ठेवलेली अंडी, शेतात गाडलेला मांसाचा तुकडा. ते कुजेल तसे त्या घरचे दैव कुजेल आणि करणाऱ्याकडे जाईल. याला ‘जादूटोणा’ म्हणण्यापेक्षा ‘करणी’ म्हणावे, कारण करणी ही बहुतेक ओळखीच्यानेच केलेली असते आणि पिशोगही शेजाऱ्याचेच असते. यातला फार मोठा भाग लोण्याभोवती फिरतो. १ मेच्या पहाटे कोणी आपल्या कुरणातले दव फडक्याने टिपून नेले तर वर्षभराचे लोणी त्याच्या घरी जाते. त्या दिवशी घरातून निखारा, दूध, मीठ बाहेर द्यायचे नाही. घुसळण चालू असताना पाहुणा आला तर त्याने रवीला हात लावूनच पुढे जायचे, नाहीतर लोणी निघणार नाही. शहरी संपादकाला हे किरकोळ वाटून तो ते गाळतो. पण त्या कुळांचा खंड अनेकदा लोणी विकून भरला जाई, आणि कॉर्कचा लोणीबाजार एकोणिसाव्या शतकात जगातल्या सर्वांत मोठ्या लोणीबाजारांपैकी होता. ताक फुटले नाही, लोणी आले नाही, याचा शेवट घरातून हकालपट्टी होण्यात होऊ शकत असे. तिन्हीसांजेला शेजारी विरजण न देणाऱ्या आपल्या आजीला लोण्यासाठी असे जपणाऱ्या या बाया अनोळखी वाटल्या नसत्या.

बॅन्शीला मात्र हडळ करू नका. हडळ धरते, झोडपते, जीव घेते. बॅन्शी कोणालाही मारत नाही. ती काही जुन्या कुळांशी बांधलेली आहे, ज्यांच्या आडनावाआधी ‘ओ’ किंवा ‘मॅक’ लागतो अशा, आणि त्या कुळातले माणूस जाण्यापूर्वी ती रात्री घराजवळ रडते. प्रेतापाशी सूर लावून शोक करणाऱ्या बायकांची परंपरा आयर्लंडमध्ये होती, आणि तिच्या रडण्याला त्या शोकाचाच सूर आहे. वंशज परदेशी मेला तरी ती मूळच्या घरापाशी रडते, असे सांगतात. तिचा कंगवा वाटेत सापडला तर उचलायचा नाही; कोणी उचलून घरी नेला आणि रात्री ती खिडकीशी आली, तर तो हाताने नव्हे, चिमट्यात धरून बाहेर करायचा. कथेत तो लोखंडी चिमटा पिळवटून परत येतो. तिच्यासाठी मराठीत शब्द नाही. ‘बॅन्शी’च ठेवा आणि ‘कुळासाठी रडणारी’ एवढे एकदा सांगा.

‘हंग्री ग्रास’ म्हणजे ‘जादुई गवत’ असेही मी वाचले आहे, आणि ते वाचून मला फार वाईट वाटले. १८४५ ते १८५२ या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसे मेली आणि आणखी सुमारे १० लाख देश सोडून गेली. रस्त्याच्या कडेला जेथे कोणी भुकेने पडून मेला तेथे हे गवत उगवते, आणि त्यावर पाय पडणाऱ्याला अचानक इतकी भूक लागते की तो जागीच कोसळतो. म्हणून डोंगरात जाताना खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचा. त्याला ‘भुकेले गवत’ म्हणा. त्यात जादू नाही, मेलेल्यांची भूक आहे.

‘अंधश्रद्धा’ या शब्दाबद्दलही थोडे. महाराष्ट्रात या शब्दामागे मोठे काम उभे आहे, माणसांनी त्यासाठी प्राण दिले आहेत, २०१३ चा कायदा आहे. ब्रिजेट क्लिअरीची हकिकत सांगताना तो वापरायला मी कचरणार नाही. परंतु कथेच्या निवेदनात, खुद्द सांगणाऱ्याच्या तोंडी, तो घालू नये. ‘तेथील लोकांची अशी अंधश्रद्धा होती की’ असे वाक्य अनुवादात आले, की सांगणारी म्हातारी गप्प होते आणि आपण बोलू लागतो.

हे सारे मूळ रूपात वाचायला मिळते आणि विनामूल्य मिळते, म्हणून व्हिक्टोरियन काळातल्या सजवलेल्या इंग्रजी संग्रहांवर विसंबण्याची गरज उरलेली नाही. १९३५ साली जेम्स हॅमिल्टन डेलार्गी यांच्या संचालकत्वाखाली आयरिश फोकलोअर कमिशन स्थापन झाले. १९३७ ते १९३९ या काळात त्याने प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना वह्या दिल्या आणि आपल्या आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून लिहायला सांगितले: गावातले लिस, औषधी उपाय, हवामानाच्या खुणा, भुते, पुरलेले धन, लोणी घुसळण्याची रीत. २६ काउंट्यांतील ५ हजारांहून अधिक शाळांतून सुमारे ५० हजार मुलांनी लिहिले. संग्रहाची एकूण पाने सुमारे ७ लाख ४० हजार भरतात. ती आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या राष्ट्रीय लोकवाङ्मय संग्रहात आहेत आणि ‘दूखस’ या संकेतस्थळावर मुलांच्या हस्ताक्षरासकट पाहता येतात. कमिशनचा संग्रह २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत गेला. या वह्यांत कोणी सजवत नाही. ‘आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एक लिस आहे, तेथे एका माणसाने काठी तोडली, त्याचा हात वाकडा झाला’ अशा धर्तीची नोंद, आणि पुढे दुसरी नोंद. बारा वर्षांच्या मुलाने आजोबांकडून ऐकून लिहिलेले हे साधे गद्य मराठीत आणायला मला सर्वांत अवघड गेले, आणि सर्वांत जास्त शिकवून गेले.

म्हणून आपल्याला विनंती अशी, की पुढच्या पुस्तकाचे काम हाती घ्याल तेव्हा ‘परी’ खोडून वाक्य पुन्हा वाचून पाहावे. चित्रकाराला इंग्रजी पुस्तकातली चित्रे देण्याऐवजी एखाद्या लिसाचे छायाचित्र द्यावे. आणि मुलांना हे झेपणार नाही अशी शंका आली तर ती कथा पुढे ढकलावी, पण तिला पंख लावू नयेत. माझ्या त्या पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तर मी सुईणीची कथा पुन्हा लिहून देणार आहे, तसे प्रकाशकांना कळवले आहे.

एका शब्दावर मी स्वतः अडलो आहे. नेलेल्या माणसाच्या जागी जे ठेवले जाते, दिसायला हुबेहूब तेच, पण खंगत जाणारे, त्याला आयरिशमध्ये स्वतंत्र नाव आहे आणि इंग्रजीत ‘चेंजलिंग’ म्हणतात. ‘बदललेले मूल’ अपुरे पडते, कारण ते मूलच असते असे नाही. ‘तोतया’ हा दरबारी शब्द आहे, घरातला नव्हे. ‘पालट’ हा मी सध्या वापरतो, पण कान पुरता भरत नाही. कोकणात, गोव्यात, मावळात किंवा विदर्भात कोणाच्या बोलीत यासाठी शब्द असेल, आजारी माणसाकडे पाहून ‘हा तो राहिला नाही’ असे म्हणण्याची काही ठरलेली रीत असेल, तर ती कृपया जाहीरपणे लिहावी, म्हणजे आपणा सर्वांच्याच उपयोगी पडेल.

आपला,
एक अनुवादक